बारा पडद्यांचा घोळ

लाइतुमख्रा, शिलाँग
मंगळवार

आदरणीय मामा,

खुब्लेई! जोवाईला थंडी कशी आहे? मामी बऱ्या आहेत ना? पलंगावर मागे टेकून बसणं तुम्ही पाठीसाठी सोडलंत असं कळलं, जीव भांड्यात पडला. (का पडला, ते पुढे येईलच.)

तर नववीच्या मुली आणि मी शाळेत इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. हसू नका. बावीस वर्षं मी चुंबक आणि वीज फळ्यावर शिकवली, पण वीज गाते हे मला आत्ता कळलं! चुंबकांभोवती केसाएवढी तांब्याची तार सहा हजार वेळा गुंडाळायची. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उठते. आम्ही चार हजारांवर होतो, तेवढ्यात शेजारची फिलिसताई, आपली कोंग फिलिस, क्वाय घेऊन आली. समोर आलेल्या पानसुपारीला नाही कसं म्हणणार? मोजणी गेली ती गेलीच. (आवाज दणदणीत आहे, म्हणजे वेढे जास्तच झाले असावेत.)

खरा घोळ पुढचा. दांडीवरचे पडदे, म्हणजे सूर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या, मी अर्ध्या तारेचे बारा सारखे भाग करून ठोकले. मोकळी तार बरोबर, बारावा पडदा बरोबर, मधले सगळे भांडलेले! माझी विद्यार्थिनी दाफिशा म्हणते, "कोंग, ही गिटार आहे की मोहल्ल्याचा दरबार?" आता नवी दांडी करणं आलं. कारण हेडबाईंनी बजावलंय, शनिवारच्या कार्यक्रमात गिटार बेसूर वाजली तर आमच्या प्रयोगाच्या खोलीत मोडकी बाकं ठेवणार. आणि सूर तपासणार तुम्ही. तीस वर्षं चर्चच्या गायकांना रडवणारा तुमचा कान, दुसऱ्या कुणावर बाईंचा विश्वास नाही.

आपली भाची,
इबादारी

ता. क. लाकडाचं सांगायचं राहिलं. आईच्या घरातल्या तुमच्या पलंगाची उशाकडची फळी कापली. आपल्या रीतीने धाकट्या लेकीचं म्हणून घर माझं, पण मामाचा शब्द शेवटचा, इथला खिळासुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय हलत नाही, हे ठाऊक असून कापली. रागवा, पण शनिवारनंतर.

ता. क. २. पाकीट बंद करणार होते, पण थांबा! नव्या दांडीसाठी फळीचा उरलेला पट्टा उलटा केला, तर भिंतीकडच्या बाजूला पेन्सिलच्या रेघा. पहिलं अंतर मोठं, पुढचं जरा कमी, त्यापुढचं आणखी कमी. मुलींनी मोजून काढलं, दर वेळी त्याच प्रमाणात! शेजारी आकडेमोड काही नाही, फक्त तुमचं नाव आणि 'वय सतरा'. मामा, गिटार म्हणजे वाया गेलेल्यांचं खूळ, हे जन्मभर आम्हाला कोण ऐकवत होतं? आणि गणित न करता नुसत्या कानाने रेघा कशा आखल्यात? मग गिटार केली का नाहीत? पडदे तुमच्याच रेघांवर ठोकलेत आणि सगळे सूर लागतात. तुमचं नाव घासून काढलेलं नाही. मुक्कामाला येताना दोन उशा जास्त आणा, आणि शनिवारी पहिलं गाणं तुम्हीच वाजवायचंय, मी मुलींना सांगून टाकलंय.