दिव्याभोवतीची सोळा पानं

न्यू ऑर्लिअन्स
५ सप्टेंबर १९८७

चि. ओडिलीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, गुडघे तेवढे कुरकुरतात.

तुझं पत्र मिळालं. लॉस एंजेलिसहून चर्चमधल्या चौदा मैत्रिणी घेऊन गाव दाखवायला येते आहेस, वाचून छाती फुगली. पण उतरणार म्हणे हॉटेलात! जन्मगावात पाहुणी होऊन? तुझी वहिनी क्लेमेंतीन तर खवळलीच आहे. म्हणते, तिला कळव, सोमवारी राजमा-भात सगळ्यांचा आपल्याकडेच, आणि तिकडच्या त्या बारीक बायकांना ताट अर्धं टाकता येणार नाही.

त्यांना गावातलं गाणं-बजावणं भरपूर ऐकव. रविवारी आपल्या गल्लीतला बँड निघेल, त्याच्यामागे नाचव. लोखंडी नक्षीचे सज्जे दाखव, गंबो, आपला तो भेंडीचा दाट रस्सा, खाऊ घाल. फक्त एस्प्लनेडवरच्या पिवळ्या हवेलीत नेऊ नकोस. तिथली मंडळी दिवाणखान्याचं छत फ्रान्सहून आलेल्या कारागिराचं म्हणून सांगतात. सांगू देत. बाबांनी ते एकोणपन्नास साली नव्याने केलं हे मी कुठे बोललो नाही, आणि बोलणारही नाही. दिव्याभोवती प्लास्टरची सोळा पानं, त्यातलं एक उलटं बसलेलं. गावातला प्रत्येक गिलावेवाला त्या पानाला हसतो. बाबांसारख्या उस्तादाच्या नावावर ते हसू कशाला घ्यायचं? त्यापेक्षा फ्रेंच माणसाच्या माथी राहिलेलं बरं.

लवकर ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ऑनोरेदादा

लॉस एंजेलिस
१२ ऑक्टोबर १९८७

ती. ऑनोरेदादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. माझ्या मैत्रिणी अजून वहिनीच्या राजम्याचं नाव काढतात. मिसेस टिबेटने तीनदा वाढून घेतलं आणि विमानात पट्टा सैल केला, हे वहिनीला मुद्दाम सांग. बँडमागे नाचून नाचून माझेही पाय सुजले, पण गावाचं नाव निघालं की आता चौदा जणी माझ्याआधी बोलतात.

दादा, मी तुझं ऐकलं नाही. मंगळवारी पिवळ्या हवेलीत गेले. बाबा आणि तू तिथे काम करायचात तेव्हा मागच्या दाराने जावं लागायचं ना? या वेळी पुढच्या दाराने गेले, चौदा बायकांच्या पुढे, टोपी घालून. फार ऐट वाटली. मग आम्हाला छताखाली उभं केलं आणि माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, हे फ्रेंच उस्तादाचं काम, पण बघा, त्या दिवशी स्वारीला जरा चढली असावी. ते उलटं पान बघून सगळे हसले. माझ्या मैत्रिणीही. मी बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. त्या रात्री तुझ्याकडे जेवताना सांगायचं म्हणून ठरवलं होतं, पण तुझ्या हाताखालचे चेले समोर बसलेले, जीभच वळेना.

ते पान बाबांनी बसवलं नाही. मी बसवलं.

कार्निव्हलचे दिवस होते. तू बँडमागे गेलास तो दोन दिवस घरी नाहीस, आठवतंय? परत आलास तेव्हा पायात एकच बूट. इकडे कालवलेलं प्लास्टर घट्ट होत चाललेलं आणि बाबांच्या हाताखाली दुसरं कुणी नव्हतं. मी डबा घेऊन गेले होते. तुझी पँट चढवून परांचीवर चढले. बाबा पलीकडच्या टोकाला छताच्या कडेची पट्टी ओढत होते, मी पान लावलं. ते म्हणाले, प्लास्टर हाताला गरम लागेपर्यंत पंजा काढू नकोस. वेळ मोजायला मी चर्चमधलं गाणं दोनदा म्हटलं. मान मोडली, डोळ्यांत चुना गेला, पण हात हलवला नाही. टोक बाहेर असायला हवं होतं, ते दिव्याकडे गेलं.

संध्याकाळी बाबांनी पाहिलं. छिन्नीचे चार ठोके मारले असते तर निघालं असतं. पण ते खाली उभे राहून किती तरी वेळ बघत राहिले, आणि मग म्हणाले, पक्कं बसलंय, माझ्या पोरीचं आहे, राहू दे. वर शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मुलीला परांचीवर चढवलं म्हणून गवंड्यांच्या संघाने त्यांना कामावरून उठवलं असतं. म्हणून त्यांनी मरेपर्यंत सगळ्यांचं हसणं ऐकून घेतलं. तुझंही.

आता तूच जा आणि सांग. तुझा शब्द गावात कुणी खोटा म्हणणार नाही. चूक माझ्या नावावर घाल, पण छत बाबांना मिळू दे.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र टाक.
तुझी,
ओडिल

न्यू ऑर्लिअन्स
९ नोव्हेंबर १९८७

चि. ओडिलीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकदा घरी मी बाबांना म्हणालो होतो, की चष्मा लावा, पानं उलटी बसतात. ते नुसते हसले गं! आणि मी गाढव, अडतीस वर्षं त्यांचं छत लपवत बसलो, तेही माझ्याच खाड्यापायी. क्लेमेंतीनने मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, कागद पुरणार नाही. त्या एका बुटाचा विषय मात्र तिने त्यात पाच वेळा काढला.

परवा रविवारचा सूट घातला आणि गेलो. एकटा नाही. आमच्या संघातले अकरा जण बरोबर घेतले, हसणारे सगळे. हवेलीत पर्यटकांची गर्दी होती. त्या मुलीला नम्रपणे बाजूला केलं आणि मोठ्याने सांगितलं, की हे छत माझे वडील युस्ताश रोशों यांनी केलं, कोपऱ्यातल्या पट्टीमागे त्यांचं नाव आणि साल कोरलेलं आहे, शिडी लावून बघा. त्यांनी खरंच शिडी लावली. नाव सापडलं.

मग उलट्या पानाचं सांगितलं. सोळा वर्षांची मुलगी, पहिल्यांदा परांचीवर, आणि पहिल्या हाताचं काम इतक्या वादळांत तसूभर हललेलं नाही. अकरा जणांतला एकही हसला नाही. म्हातारा ग्युस्ताव्ह तर वर बघत टोपी काढून उभा होता.

हवेलीच्या बाई म्हणाल्या, भिंतीवर पाटी लावू, आणि हवं तर तुम्हीच ते पान सुलटं करून द्या. मी म्हटलं, त्याला कुणी छिन्नी लावली तर माझ्याशी गाठ आहे. पाटीवर दोन नावं घालायला सांगितली, युस्ताश रोशों आणि त्यांची मुलगी ओडिल. मैत्रिणींना घेऊन पुन्हा ये. उतरायचं आमच्याकडे, हॉटेलचं नाव काढलंस तर बघ.

निघताना एका पाहुण्याने मला विचारलं, की तुम्हीही इथले नावाजलेले कारागीर का? मी म्हटलं, नाही हो, मी ओडिलचा भाऊ.

आहे तसाच जीव लाव.
तुझा,
ऑनोरे