केंद्र बंद पडल्यावर

२ डिसेंबर
पार्ल्यात झकास खोली मिळाली! घरमालकीण सुगंधाकाकू मूळच्या मालवणच्या. एकट्याच राहतात, गुडघे कामातून गेलेत, तोंड मात्र शाबूत. आल्या आल्या सोलकढी पाजली. त्यांची लेक जान्हवी बेंगळुरूला असते. तिने फोनवर एवढंच सांगितलं, की आईने हाक मारली तर जरा बघ.

४ डिसेंबर
पवईचं ऑफिस सुरू. काम रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकांची वयं काढण्याचं. त्यांच्या केंद्रातलं कृष्णविवर दोन्हीकडे झोत फेकतं, त्यांचे अवाढव्य फुगे होतात. आमचे प्रमुख देवव्रत सर म्हणाले, केंद्र बंद पडलं तरी फुगे कोट्यवधी वर्षं पसरत राहतात, भोवतालचा वायू निवू देत नाहीत. तो निवल्याशिवाय नवे तारे होत नाहीत. शेवटी फक्त कमी कंपनांच्या, खर्जातल्या लहरी उरतात. मेली तरी पिच्छा न सोडणारी जात!

११ डिसेंबर
“बाय, येतंस काय गो?” घरात असले की काकूंचं तेच. कधी चष्मा, कधी रिमोट. वैताग आलाय. हल्ली हेडफोन घालूनच बसते.

१५ डिसेंबर
निघताना आतून हाक आली. उशीर झालेला. दारातूनच “येते” म्हणाले आणि दार ओढलं. निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे आईने लावलेलं वळण. संध्याकाळी पुन्हा हाका. उठले नाही.

१६ डिसेंबर
काकू गेल्या. बाथरूममध्ये सापडल्या. डॉक्टर म्हणाले, काल सकाळी पडल्या, दुपारी संपल्या.
मग संध्याकाळी कोण—
आणि सकाळी त्यांना वाटलं असणार, मी येतेय. वाट बघत राहिल्या. माझीच मला शिसारी येते.

१७ डिसेंबर
जान्हवी आली. आईने हाक नाही का मारली, विचारलं. नाही म्हणाले. माझा हात धरून रडली, तू होतीस हेच खूप, म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० डिसेंबर
हाक थांबत नाही. आधी घरात, मग जिन्यात, आज पवईला टेबलापाशी— रोज जास्त खर्जात. घरात चहासुद्धा निवत नाही. जान्हवीला खरं सांगायला तोंड उघडलं. नाही जमलं.

२२ डिसेंबर
जान्हवी देवापाशी दिवा लावतेय. हाक आली— तिनेही मान वर केली. ऐकतेय ती. आवाज पार खाली, तरी शब्दन्‌शब्द—
“येते म्हटलंस मां गो, बाय?”
जान्हवी माझ्याकडे बघतेय. विचारतेय, आई हे कुणाला—