रोजच्या वापरासाठी नाही

९ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

सप्रेम नमस्कार. आज सुट्टी होती. सकाळी पडदे धुतले, दुपारी मिस्त्रीकडून गाडी आणली, आता हे लिहायला बसले आहे. इकडे ठीक. आईंचा खोकला कमी झाला असेल. त्यांना पंख्याखाली झोपू देऊ नका.

तुमचा निरोप मिळाला. दादाची आठवण म्हणून तुम्हाला गाडी हवी आहे. "वहिनींना तरी ती कुठे झेपते," असंही म्हणालात म्हणे. कालपर्यंत ते खरं होतं.

गाडी देत नाही. तिचा क्लच देते.

तुमचं स्वतःचं गॅरेज आहे, तुम्हाला मी काय सांगणार. तरी आठवण करून देते. ह्यांनी इंजिनाचा जोर वाढवायला टर्बो बसवून घेतला आणि जुना क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी वेग घ्यायची नाही. तुम्ही टेबलावर दोन खोकी आणून ठेवलीत. एकातला क्लच जुन्यापेक्षा जरा जड, पण रोज चालवता येईल असा. दुसरा शर्यतीच्या गाड्यांचा. त्याचं पेडल दगडासारखं, आणि सोडताना मधलं काही नाही, एकदम पकडणार. त्या खोक्यावर छापलं होतं, 'रोजच्या वापरासाठी नाही'. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"कंपनीवाले भित्रे असतात, वहिनी," तुम्ही म्हणालात.

ह्यांनी विचारलं, "पहिला पुरेल का रे?"

"पुरेल की, आरामात पुरेल. पण दादा, दुसरा घातलास की गाडी तुझी एकट्याची. वहिनींचा तो डावा गुडघा..."

"हिच्या पायात जोर असता तर लग्नातूनच पळाली असती," हे म्हणाले, आणि तुम्ही दोघे इतके हसलात की चहा सांडला. मीही हसले. टेबल पुसलं.

गाडी रोज मी चालवायचे. ह्यांना ऑफिसात सोडून पुढे प्रयोगशाळेत जायचे. बायको सोडायला येते म्हणून फाटकापाशी लोक ह्यांची थट्टा करायचे, ते ह्यांना खुपायचं. 'उद्यापासून तू चालवू नकोस' असं म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. तसं म्हणायची वेळच त्यांच्यावर येऊ नये, याची सोय तुम्ही करून दिलीत. दुसरा क्लच बसला आणि मी बसने जायला लागले.

ह्यांच्या छातीत कळ आली त्या दिवसाबद्दल तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, की दवाखान्यात नेताना वहिनींनी तीनदा गाडी बंद पाडली. आई तेच धरून बसल्या आहेत. "हिला धड चालवता आली असती तर माझा मुलगा आज असता," असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तुम्ही शेजारी मान खाली घालून बसता. लोकांना वाटतं, दुःखाने.

किती वेळा बंद पडली ते तुम्ही विचारलंत. कशी, ते विचारलं नाहीत.

पेडल तळाला जाईना. अर्धवट दाबून गियर टाकला की करकर व्हायची, सोडलं की गाडी उडी मारून बंद. मागून हॉर्न. पहिल्यांदा हे ओरडले, "दाब ना, मेलीस का?" दुसऱ्यांदा नुसती छाती दाबून धरली. तिसऱ्यांदा त्यांनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि रेटला. त्याच गुडघ्यावर. तेव्हा कुठे पेडल खाली गेलं. मग तसेच निघालो. मी "आता" म्हणायचे, हे रेटायचे. गाडीभर जळका वास. इतक्या वर्षांत आम्ही एक काम मिळून केलं असेल तर ते हेच.

पुलापाशी मी "आता" म्हटलं आणि हाताने काही केलं नाही. वजन मात्र गुडघ्यावर तसंच होतं.

भाऊजी, निघण्याआधी मी तुम्हाला फोन केला होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलवणार होते, तर हे म्हणाले, "आधी त्याला विचार." तुम्ही कुणाशी तरी हसत होतात. मला म्हणालात, "पित्त असेल हो, वहिनी. एवढंच वाटत असेल तर गाडी आहे ना दारात? चालवा की. होऊन जाऊ दे एकदा."

काल मिस्त्रीने तो क्लच काढला. प्लेट दाबून धरणारी लोखंडी चकती तापून निळी पडली आहे, डागडागांनी. "एवढा कुणी जाळला?" त्याने विचारलं. म्हटलं, घरच्यांनी. आता त्या पहिल्या खोक्यातल्यासारखा बसवून घेतला आहे.

काढलेलं सगळं पुसून जुन्याच खोक्यात भरलं. ह्यांना खोकी जपून ठेवायची सवय, माळ्यावर सापडलं. वरची ओळ अजून नीट वाचता येते. पार्सल आईंच्या नावाने केलं आहे. स्वतःच्या नावाने काही आलं की त्यांना बरं वाटतं. त्या उघडतील, हे काय आहे विचारतील, डाग कशाचे ते विचारतील. तुमच्याइतकं नीट समजावणारं घरात दुसरं कोण आहे? फोनचं तेवढं विसरू नका.

पुढच्या रविवारी मी आईंना भेटायला येते आहे. गाडीनेच येईन. काही सांगायचं राहिलं असेल तर तेव्हा बघू.

प्रकृतीला जपा. छातीत कधी कळ आली तर पित्त समजू नका.

तुमच्या दादांची बायको,
वहिनी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी दूध आणायला गेले होते. चौकात सिग्नल लागला. क्लच दाबून थांबले, सुटेपर्यंत दाबून धरला. गुडघा दुखला नाही. सिग्नल सुटला तेव्हा तोंडातून "आता" निघालं. शेजारच्या सीटवर पिशवी होती. घरी येऊन दूध तापवलं आणि झाकून ठेवलं.