तुटलेल्या सुईचा नियम

राजरत्न,

अरे, रिपोर्ट आला! तू इंजिनात टॉर्च विसरलास आणि ते शिकाऊ पोरांचं विमान शेतात उतरवावं लागलं, त्याचा.

चौकशीवाले साहेब तुला शोधत घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलेलं, आमच्या जीन्स कारखान्यात सुई तुटली की, कपड्यात तुकडा राहू नये म्हणून, सगळे तुकडे कागदावर चिकटवून दाखवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. आता त्यांची शिफारस ऐक: प्रत्येक हत्यार जागेवर परत दिसल्याशिवाय विमान सोडायचं नाही. माझीच सुई रे ती!

तीनदा वाचला. तुझं नाव कुठेच नाही. चूक कामाच्या पद्धतीची, असं लिहिलंय. आणि तू लाजेपायी दोन वर्षं घराबाहेर!

पत्र टाकायला तुझा पत्ताच नाही. येऊन घेऊन जा.

तुझी,
प्रीतीताई