विलासचा टाइम

५ सप्टेंबर १९८७, शनिवार

हाफ डे. मरोळच्या फॅक्टरीतून सुटल्यावर घरी न जाता नाईककाकांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. आईला ओव्हरटाइम सांगून ठेवलाय. गाडीच्या मशीनवर मनसोक्त. सगळ्यात चांगली फेरी ६३.१ सेकंद. वि.चा टाइम ६१.८. मशीन पाच जणांची नावं ठेवतं, त्यात तो अजून तिसरा आहे. नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं, व्ही आय एल. एवढाच विलास अंधेरीत शिल्लक आहे. बाकीचा मे महिन्यात मस्कतला गेला.

काका गल्ल्यावरून: "काय गो सुनंदा, आज पण समुद्रात गेलंस?" समुद्राच्या वळणावर माझी गाडी वाळूत घुसते ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. बरं, कळलं तर कळलं, दुकानभर ओरडायला कशाला पाहिजे?

जायच्या आदल्या आठवड्यात वि. याच सीटवर बसून म्हणाला होता, "माझा टाइम मोड, मग येतो घरी, तुझ्या आईशी बोलायला." हसत म्हणाला. मीही हसले. तेव्हापासून त्या हसण्याचा कीस पाडते आहे. खरं म्हणाला की बोलायचं म्हणून बोलला? पत्रात विचारायची सोय नाही. पत्रात तो उन्हाबद्दल लिहितो आणि खोलीतल्या केरळी मुलाच्या स्वयंपाकाबद्दल.

८ सप्टेंबर, मंगळ.

खराखुरा ओ.टी. डोळे चुरचुरतायत. टेस्टिंगच्या टेबलावर वि.च्या जागी आता एक ढब्बू मुलगा बसतो. मी सोल्डर केलेला एक पीस परत पाठवला, लाल खडूची खूण करून. वि.ने कधी पाठवला नाही. म्हणजे वाईट पीस तो स्वतःच दुरुस्त करायचा, हे मला शेजारच्या टेबलावरच्या कमलने नंतर सांगितलं.

आईने मुलुंडच्या स्थळाचा विषय परत काढला. मुलगा पोस्टात. सत्तावीसला बघायला येणार. मी म्हटलं, येऊ दे. आई इतकी खूश झाली की मलाच कसंतरी झालं.

१२ सप्टेंबर, शनि.

वाट लागली. वि. पाचवा.

कॉलेजची दोन पोरं आली होती म्हणे आठवड्यात. एकाने दुसरा नंबर मारला, एकाने चौथा नाही तर तिसरा, मला नीट कळलंच नाही, मी फक्त खालची ओळ बघत होते. व्ही आय एल शेवटच्या ओळीत. काकांना म्हटलं, तुम्ही खेळू कसं दिलंत? काका म्हणाले, "अगो, माझा दुकान असा. देऊळ न्हय."

मग चपला काढून सीटखाली ढकलल्या (अनवाणी पायाला पेडल नीट कळतं) आणि खेळत सुटले. ६२.७. मग ६२.४. एकदा बोगद्यातून बाहेर पडताना गाडी इतकी सरळ निघाली की स्वतःच "झकास" म्हणाले, मोठ्याने. शेजारच्या मशीनवरचा माणूस बघायला लागला.

१३ सप्टेंबर, रवि.

पापड वाळत घालताना डोक्यात आलं आणि हात थांबला.

मी त्याचा टाइम मोडला की माझं नाव यादीत येणार. यादी पाचांची. पाचवा तोच. म्हणजे मी आत, तो बाहेर.

इतके महिने माझ्या डोक्यात काय चित्र होतं? वर एस यू एन, खाली व्ही आय एल. एकाखाली एक, दारावरच्या पाटीवर असतात तशी. तो तिसरा होता तेव्हा ते होण्यासारखं होतं. तेव्हा मी ६३-६५ सेकंदांत वाळू उडवत बसले होते.

आईने विचारलं, पापडात काय एवढं बघतेस?

१५ सप्टेंबर, मंगळ.

डब्याच्या सुट्टीत कमलला सांगितलं. तिलाच सांगता येतं. ती पोट धरून हसली. "तुझा नवरा काचेच्या आत राहतो यार." मग माझं तोंड बघितलं. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात वाढली आणि म्हणाली, "तू जिंकायचं बघ गं. नाव पुसलं म्हणून माणूस थोडाच पुसला जातो?"

मला नाव पण पाहिजे. माणूस तर पाहिजेच. हे तिला म्हटलं नाही, इथे लिहिते.

१९ सप्टेंबर, शनि.

आज एक गोष्ट सापडली.

समुद्राच्या वळणावर वि. काय करायचा: ब्रेक, खटकन गिअर खाली, चाक एका झटक्यात पूर्ण डावीकडे, गिअर परत वर. त्याचे हात लांब. बघायला इतकं छान वाटायचं की मी ते जसंच्या तसं उचललं. माझे हात तेवढे पोचत नाहीत. गिअर टाकेपर्यंत चाक सुटतं आणि गाडी वाळूत. आज कंटाळून गिअरला हातच लावला नाही. वळण यायच्या बरंच आधी, ताडाचं झाड दिसलं की पाय उचलला, चाक थोडंसंच फिरवलं आणि तसंच धरून ठेवलं. गाडी आपली आपण वळली. वाळूला टेकलीसुद्धा नाही.

६१.९.

एक दशांश राहिला. पुढची फेरी ६२ च्या वर. मुद्दाम हळू चालवली का? नाही. कदाचित. काका उठून मागे येऊन उभे राहिले होते. "विलासासारखी नाय चलवलंस आज," म्हणाले. मला ते आवडलं आणि लागलंही.

२४ सप्टेंबर, गुरु.

नवरात्र बसलं. संध्याकाळी काकांकडे डोकावले तर काका झेंडूवाल्याशी हुज्जत घालत होते. खंडेनवमीला सगळ्या मशीनना हार. आणि त्या दिवशी सगळी मशीन बंद.

मी म्हटलं, काका, गाडीचं मशीन बंद केलं की नावं जातात ना? म्हणून तर ते दिवसरात्र चालू असतं. मेकॅनिकने बजावलंय, बंद केलं तर चित्र परत येईल याची खात्री नाही. मशीन आलं गेल्या दिवाळीनंतर, त्यामुळे ही त्याची पहिलीच खंडेनवमी.

काका म्हणाले, "खंडेनवमीक हत्यार चलवतत काय? हय लाँड्री होती तेव्हा माझ्या बापाशीन जन्मात त्या दिसा इस्त्री गरम केल्यान नाय. गिऱ्हाईक लग्नाचो कोट घेऊन रडत उभा, तरी नाय."

मी: फक्त हार घाला ना, वायर कशाला काढायची?

"आणि देवीक काय सांगू? सुनंदाचो माणूस आत असा, म्हणून हेका निजूक दिलंय नाय?"

दुकानात सगळे हसले. मी अशी लाल झाले की सांगायची सोय नाही. सुनंदाचा माणूस. काकांना कधीपासून माहीत आहे?

२७ सप्टेंबर, रवि.

मुलुंडचे आले. मुलगा चांगला आहे. हे लिहायला नको होतं पण आहे. कांदेपोह्यांत दातांत अडकेल इतकं खोबरं होतं, त्याने निमूट खाल्लं. विचारलं, आवड कसली? माझ्या तोंडून गेलं, "गाडी चालवायची." तो चकित. "कुठली?" आई मध्येच, "तिला शिवणाची आवड आहे." तो जाताना जिन्यात हळूच म्हणाला, "खरंच चालवत असाल तर मला पण शिकवा."

वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

आईने त्यांना सांगितलंय, दिवाळीपर्यंत कळवतो.

रात्री कूस बदलत राहिले. वि.चा चेहरा आठवायला गेलं की हल्ली आधी हात आठवतात, चाकावरचे. चेहरा मागून येतो. उद्या तोही आला नाही तर?

३० सप्टेंबर, बुध.

उद्या खंडेनवमी. नाव तसंही जाणार. झेंडू आणि नारळासमोर माझं काही चालणार नाही. मग ते माझ्या हाताने का जाऊ नये? फॅक्टरीतून रिक्षा केली, आयुष्यात पहिल्यांदा एकटीने, उशीर नको म्हणून.

पहिल्या काही फेऱ्या फुकट. मग डोकं शांत झालं. बोगदा. पूल. ताडाचं झाड, पाय वर. चाक धरून ठेवलं. समुद्र डावीकडून सरकत गेला, जुहूला भरतीच्या वेळी भिंतीवर बसलं की दिसतो तसा. त्या भिंतीवर आम्ही एकदाच बसलो होतो, मध्ये भेळेचा कागद. तो तेव्हा बोलेल असं वाटलं होतं.

६१.५.

मशीन वाजायला लागलं. नाव टाका म्हणून तीन रिकाम्या जागा. एस. यू. एन. चाक फिरवून अक्षरं लावायची असतात, हाताला घाम, एन ऐवजी दोनदा एम आला. मग यादी आली. मी चौथी. पाचव्या ओळीत कॉलेजचं पोरगं. व्ही आय एल कुठेच नाही.

मोडला, वि. मी मोडला तुझा टाइम. आता ये घरी.

मी सीटवरून उठेना तेव्हा काकांनी चहा आणून दिला. चहात अश्रू पडले वगैरे काही नाही, ओढणीने पुसले. पण रडले. दुकानासमोरच्या भाजी गल्लीत माणसं येत जात होती आणि मी एका पत्र्याच्या गाडीत बसून रडत होते. कमलला हे सांगणार नाही.

१ ऑक्टोबर, गुरु. खंडेनवमी

फॅक्टरीत सोल्डरिंगच्या बंदुका ओळीने मांडून पूजा. पेढे. लवकर सोडलं.

काकांचं दुकान इतकं शांत कधी बघितलं नव्हतं. सगळ्या काचा काळ्या. गाडीच्या मशीनला सगळ्यात मोठा हार, चाकाला हळदकुंकू, पेडलवरसुद्धा. काळ्या काचेत फक्त मी दिसत होते, झेंडूच्या मागे. हात जोडले. काय मागितलं ते देवीला माहीत आहे.

२ ऑक्टोबर, शुक्र. दसरा

सुट्टी. काका म्हणाले होते सकाळी चालू करणार, म्हणून सोनं द्यायच्या निमित्ताने गेले. काकांना आपट्याची पानं दिली, पाया पडले. त्यांनी वायर लावली. काही नाही. काका घाबरले, मला कळलं, कारण ते मेकॅनिकला शिव्या घालायला लागले. बऱ्याच वेळाने काचेत एक आडवी रेघ, मग रस्ता, मग समुद्र. यादीत कंपनीने घातलेली कुठलीतरी पाच नावं, सगळ्यांचे टाइम सत्तरच्या वर. जणू इथे कधी कुणी खेळलंच नव्हतं.

"बस," काका म्हणाले. "पयली बोहनी तुझी."

चाकाचं कुंकू हाताला लागलं. घाई नव्हती. दुसऱ्याच फेरीला ६१.४. इतकी चांगली फेरी माझी आजवर झाली नव्हती. पहिला नंबर. तीन रिकाम्या जागा.

मी व्ही आय एल टाकलं.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. माझ्याकडे बघितलं. "बरा," एवढंच म्हणाले आणि कालच्या पूजेतला उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवला.

१० ऑक्टोबर, शनि.

वि.चं पत्र. कंपनीने विचारलंय, आणखी एक वर्ष थांबतोस का. तो विचार करतोय म्हणे. पैसे बरे आहेत, बहिणीचं लग्न आहे, भांडुपची खोली गळते. सगळं खरं आहे, मला माहीत आहे. माझ्याबद्दल ओळभरही नाही. मग अगदी खाली, सहीच्या बाजूला, जागा नसताना कोंबून लिहिलेलं: मशीनवर माझं नाव आहे का गं अजून? की मोडलास?

ते चार वेळा वाचलं. मोडलास? पुढे प्रश्नचिन्ह मोठं काढलंय, शाईचा डाग पडलाय तिथे. विचार करत बसला असेल का पेन टेकवून? की पेनच वाईट?

१३ ऑक्टोबर, मंगळ.

उत्तर लिहिलं. तीन कागद फाडले. पहिल्यात मुलुंडचं सगळं लिहिलं होतं, ते वाचून तो घाबरून आला असता, तसा नको. दुसऱ्यात नुसतीच चौकशी. तिसरा रडका.

शेवटी पाठवलं ते असं: तुझं नाव आहे, पहिलं आहे. टाइम मात्र तुझा नाही, माझा आहे. तुझा मोडला, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, काका साक्षीला आहेत. तू काय म्हणाला होतास ते मी विसरले नाही. तू विसरला असशील तर तसं लिही, मला दिवाळीला घरी उत्तर द्यायचं आहे. नसशील विसरला तर ये आणि स्वतःचं नाव स्वतः टिकव. मी वाट बघते आहे.

शेवटची ओळ खोडणार होते. ठेवली.

पेटीत टाकल्यावर हात आतच राहिला थोडा वेळ. मागचा माणूस म्हणाला, "ओ ताई, झालं का?"

१७ ऑक्टोबर, शनि.

दिवाळी तोंडावर. दुकानांत कंदील लागले. पत्र अजून पोचलं तरी असेल का? आईने सकाळी विचारलं, मुलुंडला काय कळवू? म्हटलं, पाडवा होऊ दे. मग आईच म्हणाली, "तो भांडुपचा मुलगा, तो पत्र पाठवतो ना अजून?" मी चकली पाडत होते, पाडतच राहिले.

संध्याकाळी काकांकडे. खेळले नाही, उभी राहिले. कॉलेजची ती दोन पोरं जिवाच्या आकांताने खेळत होती. आज काही केल्या त्यांना ६१.४ मोडता येत नव्हता. एकजण वैतागून चाकावर हात मारून म्हणाला, "काका, ये विल है कौन यार? कभी दिखता तो नहीं."

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सुट्टे मोजता मोजता म्हणाले, "येतलो तो."