कुरामोचीची जर्सी

तीर्थरूप बाबांना,
टोकियोच्या थंडीतून चिझुरूचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. कालवं फोडताना हातमोजे घालता ना?

बातमी कळलीच असेल. आपल्या गावाकडच्या बेसबॉल संघाने या हिवाळ्यात एकच खेळाडू घेतला, तोही आपलाच जुना कुरामोची! इथल्या श्रीमंत संघाने थांब म्हणून किती गळ घातली, तरी गडी निम्म्या पगारावर घरी परततोय.

आमचे नेमोतोसाहेब इथल्या संघाचे भक्त. म्हणाले, "काय हो, म्हातारा बैल नेऊन नांगराला जुंपणार की काय?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला खेळाडू विकत घ्यावे लागतात. आमच्याकडे ते आपणहून परत येतात."

सगळं ऑफिस हसलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कुरामोची टोकियोला गेला तेव्हा त्याच्या नावाची जर्सी तुम्ही होडी पुसायला काढलीत आणि म्हणालात, "टोकियोला गेलेलं माणूस परत येत नसतं." मी निघाले तेव्हाही तेच म्हणालात.

ती जर्सी आईने गुपचूप धुऊन घरी माझ्या कपाटात ठेवलीय. पहिल्या सामन्याला घाला, आणि शेजारची जागा धरून ठेवा. मी फक्त येतानाचंच तिकीट काढलंय.

तुमचीच हट्टी,
चिझुरू