कुटार गेलं कुठे

आसेगाव,
ता. १९ जुलै १९५७

चि. इंद्रभानास अनेक आशीर्वाद.

तांड्याच्या विहिरीचं पाणी राखेसारखं करडं झालं, म्हणून लिहिते. तुझ्या खाणीतली दगडाची पूड त्यात उतरली आहे. माझी प्रकृती ठीक. शाळा वेळेवर भरते.

टेकडीचं पाणी खाणीत शिरू नये म्हणून तुझ्या मुकादमानं, सोमलानं, वरच्या अंगाला चर खणला होता. तरी यंदा खाण भरून वाहिली आणि तू त्याला कामावरून काढलंस. चर असताना पाणी शिरलं कुठून, हे मला पाहायचं होतं. सोमवारी भर पावसात छत्री घेऊन गेले, चराच्या तोंडाशी टोपलीभर कुटार, तुरीचा हलका भुसा, सोडलं आणि त्याच्या मागे चालू लागले.

सोमलाची बायको रामीबाई हसली. “बाई, कुटार पेरून राह्यल्या का? उगवनार नाई थे.”

“तू गप्प चल.”

दीडशे पावलं कुटार चरातून नीट गेलं. शाळेच्या वाटेशी अडलं, गोल फिरलं आणि सरळ खाणीत उतरलं. तिथून बाहेर पडलं ते करड्या पाण्याबरोबर, विहिरीच्या दिशेनं. मोठं पाहण्यासारखं होतं. मी पुन्हा सोडून पाहिलं. पुन्हा तसंच.

“आता तिसऱ्यांदा कायले?” रामीबाई म्हणाली. “इथं चर कोनं बुजवला, थे कुटाराले ठाऊक नाई. तुमाले हाय.”

आहे. तपासणीसाहेबांची गाडी शाळेच्या फाटकापर्यंत यावी म्हणून जूनमध्ये तेवढा चर मीच बुजवून घेतला, वर फरशा टाकल्या. सोमला म्हणाला होता, “बाई, हा पान्याचा रस्ता हाय.” मी म्हटलं, “पाणी काही शाळा तपासायला येत नाही.” खाण भरल्यावर तू विचारलंस, तेव्हा मुकादम हलगर्जी आहे असं मी कळवलं. ते खोटं होतं.

सोमलाला परत घे, आणि चूक त्याची नव्हती हे चार माणसांत सांग. विहीर उपसून होईपर्यंत तांडा शाळेच्या विहिरीवर पाणी भरेल.

तुझी मोठी बहीण,
चतुरा

आज सोमलाच्या स्वाधीन केलं: शाळेची कुदळ एक, फावडी दोन, फरशा उखडण्याची माझी लेखी परवानगी. पावतीवर देणारी म्हणून माझी सही आहे. घेणाऱ्याच्या अंगठ्याची जागा कोरी. तो म्हणतो, आधी चर वाहू द्या.